मोइसेस कॉफमन: फायली, जबान्या आणि नाटकं

तिसरी_घंटा

मागे कुणीतरी इथे विचारलं होतं की समलिंगी लोकांच्या इतिहासावर सातत्याने काम करणारा आजचा नाटककार कोण, तेव्हा मी एका ओळीत "मोइसेस कॉफमन" लिहून सटकलो होतो. मग दोघातिघांनी विचारपूस केली, की हा कोण बुवा, म्हणून हा धागा. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

माणूस मूळचा व्हेनेझुएलाचा. जन्म 1963, कराकास, घर ज्यू. म्हणजे कॅथलिक देशात ज्यू, आणि ज्यू घरात गे, आणि 1987 ला न्यूयॉर्कला आला तेव्हा वर परत स्पॅनिश बोलणारा परदेशी. सगळीकडेच उपरा. मला वाटतं त्याच्या नाटकात जे सारखं दिसतं, की गावातले लोक बाहेरून आलेल्या माणसाशी काय आणि कसं बोलतात, ते इथूनच आलेलं असणार. 1991 ला त्याने आणि त्याचा जोडीदार जेफ्री लाहोस्तने मिळून टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्ट काढलं. पैसे नाहीत, तालमीला जागा नाही, आपल्याकडच्या कुठल्याही हौशी संस्थेची असते तशीच सुरुवात.

नाव झालं ते 1997 च्या 'ग्रॉस इंडिसेन्सी: द थ्री ट्रायल्स ऑफ ऑस्कर वाइल्ड' मुळे. ऑस्कर वाइल्ड या एकोणिसाव्या शतकातल्या नाटककारावर नाटकं, सिनेमे ढिगाने आहेत, आणि बहुतेकांत तेच असतं, हिरवं कार्नेशन, मखमली कोट, टाळ्या घेणारी वाक्यं आणि शेवटी बिचारा. कॉफमनने काय केलं तर सरळ 1895 च्या तीन खटल्यांची कागदपत्रं उचलली. स्टेजवर पुढे एक लांब टेबल, त्यावर पुस्तकं, वर्तमानपत्रं, आणि टेबलामागे बसलेले नट. नट पुस्तक उचलतो, प्रेक्षकांना दाखवतो, हे अमक्याचं आत्मचरित्र, आणि त्यातली दोन वाक्यं वाचतो. दुसरा लगेच दुसरं पुस्तक उचलतो, त्यात तोच प्रसंग वेगळाच. वाइल्ड एक सांगतोय, ज्याच्यापायी सगळं झालं तो त्याचा प्रियकर आल्फ्रेड डग्लस म्हातारपणी भलतंच सांगतोय, पेपरवाले तिसरंच छापतायत. नऊ नट, सगळे पुरुष, राणी व्हिक्टोरियासकट सगळं तेच करतात.

खटला थोडक्यात. डग्लसचा बाप, क्वीन्सबरीचा मार्क्वेस, वाइल्डच्या क्लबात एक कार्ड ठेवून गेला, त्यावर वाइल्ड 'तसा' असल्याचं लिहिलेलं, तेही स्पेलिंगची चूक करून. वाइल्डने मित्रांनी सांगूनही बदनामीचा दावा लावला. पहिला खटला हा, म्हणजे फिर्यादी वाइल्ड स्वतः. तिथे उलटतपासणीला समोर एडवर्ड कार्सन, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला त्याचाच समकालीन. वाइल्डने वय सांगितलं एकोणचाळीस. कार्सनने पहिल्याच झटक्यात ते पकडलं, कारण तो चाळिशी ओलांडलेला होता. बारीक गोष्ट आहे, पण कोर्टात उभं राहून वय एका वर्षाने कमी सांगणारा माणूस आहे हा, आणि ज्युरीला ते दिसलं. मग पुढे वॉल्टर ग्रेंजर नावाच्या नोकर मुलाबद्दल कार्सन विचारतो, तुम्ही याचं चुंबन घेतलंत का, आणि वाइल्ड म्हणतो छे छे, तो फारच सामान्य दिसायचा. नाट्यगृहात आधी हशा होतो. आणि कार्सन तेवढंच धरून बसतो, दिसायला सामान्य म्हणून नाही घेतलंत का, का सांगितलंत ते, का सांगितलंत, का. हशा हळूहळू विरतो. आयुष्यभर ज्या हजरजबाबीपणावर टाळ्या घेतल्या त्यानेच गळा धरला आणि कॉफमनला त्यासाठी एक शब्द स्वतःचा घालावा लागला नाही, सगळं नोंदीत होतंच.

दावा मागे घ्यावा लागला, त्याच संध्याकाळी, 5 एप्रिलला, कॅडोगन हॉटेलात उलट वाइल्डलाच अटक. दुसऱ्या खटल्यात ज्युरीचं एकमत नाही, तिसऱ्यात 25 मे ला दोन वर्षं सक्तमजुरी. आणि हे चालू असताना लंडनमध्ये त्याची दोन नाटकं जोरात चालू होती, जाहिरातींवरून नुसतं लेखकाचं नाव काढलं. नाटक हवं, नाटककार नको.

मला या माणसाचं सगळं काम एकाच धाग्यावर ओवलेलं दिसतं. समलिंगी माणसांचा इतिहास कुठे सापडतो? त्यांनी स्वतः लिहिलेला फार कमी, जाळलेला, लपवलेला. जो शाबूत राहिलाय तो कोर्टाच्या जबान्यांत, पोलिसांच्या पंचनाम्यात, गुप्तहेरांच्या फायलीत. म्हणजे ज्यांना ही माणसं नको होती त्यांनीच ती नोंदवून ठेवली. कॉफमन त्या कागदांना स्टेजवर आणतो आणि कागद कुणी लिहिला तेही दाखवतो. हे दुसरं महत्त्वाचं. बाकी 'द लॅरमी प्रोजेक्ट' या त्याच्या दुसऱ्या गाजलेल्या नाटकावर पुढच्या प्रतिसादात लिहितो, हात दुखले.

रानवारा

मस्त!! येऊद्या पुढचं. मी लॅरमी प्रोजेक्टचा एचबीओवाला सिनेमा पाहिलाय, 2002 चा, तो यानेच केला होता हे आत्ता कळतंय. तेव्हा नुसती डॉक्युमेंटरीटाइप काहीतरी वाटलेली.

विंगेतला

तिसरी_घंटा, लिहिलंय छान पण मला एक शंका आहे, आणि ती खवचटपणे घेऊ नका. कोर्टाचे कागद कापायचे, जोडायचे आणि खाली लेखक म्हणून सही. मग याला नाटककार का म्हणायचं, संपादक म्हणा की. मी चार वर्षं राज्य नाट्य स्पर्धेच्या संहिता वाचल्यात, अशी 'सत्य घटनेवर आधारित' बाडं इतकी आली की विचारू नका, आणि दहातली नऊ म्हणजे पेपरची कात्रणं आणि शेवटी सगळ्यांनी प्रेक्षकांकडे बोट दाखवणं. तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' लिहिलं तेव्हा कुठल्या खऱ्या खटल्याची नोंद हातात धरली होती? खोटा खटला रचला आणि त्यातून खरी बाई उघडी पाडली. त्याला मी नाटक म्हणतो.

तिसरी_घंटा

विंगेतला, खवचट अजिबात नाही, रास्त आहे. दोन गोष्टी.

एक म्हणजे हे टेबलावर बसून कात्रणं चिकटवणं नसतं. टेक्टॉनिकची कामाची पद्धत आहे, ते त्याला 'मोमेंट वर्क' म्हणतात, 2018 ला त्यावर पुस्तकच काढलं त्यांनी. तालीम सुरू होते तेव्हा संहिता नसतेच. नट, प्रकाशयोजनाकार, नेपथ्यवाला, सगळे एका खोलीत, आणि प्रत्येकाने छोटा तुकडा करून दाखवायचा. उभं राहायचं, म्हणायचं "मी सुरू करतो", काहीतरी करायचं, "मी संपवतो", बसायचं. तो तुकडा नुसत्या एका खुर्चीचा असू शकतो, किंवा दिवा लावून विझवण्याचा, किंवा एका जबानीतल्या एकाच ओळीचा. असे शेकडो तुकडे होतात, मग त्यातून निवडायचं, आणि शब्दांइतकंच मत उजेडाला आणि वस्तूंना. म्हणजे आपल्याकडे लेखक बाड देणार, मग दिग्दर्शक, मग सगळ्यात शेवटी प्रकाशयोजनावाल्याला ग्रँड रिहर्सलच्या आदल्या रात्री बोलावणार, याच्या बरोब्बर उलटं. त्यामुळे त्याला नाटककार म्हणावं की अजून काय हा वाद मला गौण वाटतो. कोण कुणानंतर बोलतं हे ठरवणं हे लिहिणंच आहे. कार्सनच्या प्रश्नाआधी कुठलं पुस्तक वाचायचं हे नोंदीत लिहिलेलं नसतं ना.

दुसरं, लॅरमी. 6 ऑक्टोबर 1998 च्या रात्री वायोमिंग राज्यातल्या लॅरमी गावात मॅथ्यू शेपर्ड या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला दोन पोरं बारमधून गाडीत घालून घेऊन गेली, गावाबाहेर लाकडी कुंपणाला बांधून पिस्तुलाच्या दस्त्याने डोकं फोडलं आणि तसाच सोडून गेली. जवळजवळ अठरा तास तो तिथे. सायकलवरून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला आधी ते बुजगावणं वाटलं. 12 ऑक्टोबरला तो कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या हॉस्पिटलात वारला. चार आठवड्यांनी कॉफमन आपली माणसं घेऊन त्या गावात दाखल. त्याचं म्हणणं, वाइल्डचा खटला वाचताना जसा 1895 चा सगळा समाज कळतो, वर्ग, धर्म, शिक्षण, बाईपुरुष सगळं, तसं आत्ताच्या एका गावाचं ऐकून ठेवता येईल का, गाव अजून बोलतंय तोवर. म्हणजे वाइल्डच्या वेळी कागद आयते मिळाले, इथे कागद तयार करायला तो स्वतः गेला. दीड वर्षात सहा फेऱ्या, दोनशेच्या वर मुलाखती. नट मुलाखती घेणार आणि तेच नट ती माणसं करणार. आठ नट, साठाहून जास्त पात्रं, नेपथ्य जवळपास नाहीच, टेबलं आणि खुर्च्या. फेब्रुवारी 2000 ला डेन्व्हरला पहिला प्रयोग, मग मे मध्ये न्यूयॉर्क.

त्यात मॅथ्यू हे पात्र नाहीच! ज्याच्यावर नाटक तो स्टेजवर येतच नाही. मारहाण दाखवत नाहीत. दाखवतात ती पोलीस अधिकारी रेजी फ्लूटी, जी सगळ्यात आधी त्याच्यापाशी पोचली. नीट हातमोजे नव्हते, घरच्या कामाने हाताला खरचटलेलं, आणि त्याच हातांनी ती त्याच्या तोंडातलं रक्त काढत होती की श्वास घेता यावा. नंतर कळलं मॅथ्यूला एचआयव्ही होता. मग तिचं औषधं घेणं, तिच्या आईचं घाबरणं, वाट बघणं, आणि शेवटी रिपोर्ट निगेटिव्ह. ती सुधारक वगैरे नाही, साधी गावातली पोलीसबाई आहे, पण तिचं मत बदलताना आपण बघतो आणि कुणी भाषण देत नाही. हे कात्रण चिकटवून होत नाही हो विंगेतला.

डेन्व्हरकर

धागा बघून राहवलं नाही. आम्ही कोलोरॅडोत राहतो, लॅरमी इथून दोन-अडीच तासांवर, आय-80 ने पश्चिमेला जायचं तर वाटेतच. सात हजार फुटांच्या वर आहे गाव, झाड नावाला, वारा असा की ट्रक उलटतात म्हणून हायवे बंद करतात. त्या वाऱ्यात ऑक्टोबरच्या रात्री अठरा तास म्हणजे काय ते इथे थंडी काढलेल्यालाच कळेल.

माझ्या मुलीच्या शाळेत हे नाटक ड्रामा क्लबने निवडलं तेव्हा पालकांची मीटिंग झाली. दोन तास. आपलेही चार-पाच जण होते, देसी पालक. एकही जण "असली माणसं नकोत" असं म्हणाला नाही, सगळे म्हणाले शिव्या आहेत, हिंसा आहे, कॉलेज अप्लिकेशनच्या वर्षी कशाला. तीच पोरं आदल्या वर्षी मॅकबेथ करत होती ज्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत खूनच आहेत, तेव्हा फोटो काढायला पुढच्या रांगेत. आणि गंमत म्हणजे नाटकातच हे आहे! त्यात वायोमिंग विद्यापीठातला एक मुलगा आहे जेडडाया शुल्ट्झ, त्याला स्कॉलरशिपसाठी स्पर्धेत नाट्यप्रवेश सादर करायचा होता, त्याने 'एंजल्स इन अमेरिका' या नाटकातला गे माणसाचा प्रवेश निवडला तर आईबाप म्हणाले आम्ही बघायला येणार नाही. नाटक झालं शेवटी शाळेत. मुलीने तीन पात्रं केली, त्यात एक बांगलादेशी वंशाची मुस्लिम मुलगी आहे, लॅरमीतच वाढलेली, डोक्यावर स्कार्फ. सगळं गाव टीव्हीवर सांगतंय की आम्ही असे नाही, आमचं गाव असं नाही, आणि ती एकटी म्हणते की आपण असेच आहोत, इथेच घडलंय ना हे. घरी तालीम करताना मी ते किती वेळा ऐकलं असेल. त्या मीटिंगला जे देसी काका सगळ्यात जास्त बोलले ते प्रयोगाला आले होते, मागे बसले, आणि मध्यंतरात गेले नाहीत. एवढंच सांगतो, बदलले वगैरे काही माहीत नाही :)

सई_सांगलीची

डेन्व्हरकर, "कॉलेज अप्लिकेशनच्या वर्षी कशाला" हे वाचून फस्सकन हसले. आपली माणसं कुठेही गेली तरी आपलीच.

वकीलकाका_निवृत्त

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

वाइल्डला शिक्षा झाली ती 1885 च्या क्रिमिनल लॉ अमेंडमेंट अ‍ॅक्टच्या कलम 11 खाली. लाबूशेर या खासदाराने ते कलम रात्री उशिरा, जवळपास चर्चेशिवाय घुसडलं, मूळ कायदा मुलींच्या संरक्षणाचा होता. त्यात 'ग्रॉस इंडिसेन्सी' म्हणजे नक्की काय याची व्याख्याच दिलेली नाही, म्हणून सरकारी पक्षाला हवं ते त्यात बसवता आलं. आपलं 377 त्याच्याही पंचवीस वर्षं आधीचं, 1860 च्या दंडसंहितेतलं, भाषा वेगळी पण घरचं बाळकडू तेच. इंग्लंडने आपलं कलम 1967 ला सैल केलं, आपल्याकडे 377 सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीपुरतं रद्द केलं 6 सप्टेंबर 2018 ला. मी त्या कलमाखाली खटले फार पाहिले नाहीत, पण त्या कलमाची भीती दाखवून पोलिसांनी आणि गुंडांनी माणसं लुबाडल्याच्या तक्रारी पाहिल्या, ज्या कधी नोंदवल्याच गेल्या नाहीत. तिसरी_घंटा म्हणतात ते कागदाचं खरं आहे, पण आपल्याकडे तो कागदही नाही. नोंद होऊ नये म्हणूनच तर पैसे दिले जायचे.

लॅरमीबाबत, मॅथ्यूच्या नावाचा केंद्रीय कायदा अमेरिकेत झाला 28 ऑक्टोबर 2009 ला, ओबामांनी सही केली. पूर्ण नाव मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड ज्युनियर कायदा. बर्ड हा टेक्सासमधला काळा माणूस, त्याच 1998 च्या जूनमध्ये तिघा गोऱ्यांनी ट्रकला बांधून फरफटत नेऊन मारला. खून झाला तेव्हा वायोमिंग राज्यात असा द्वेषगुन्ह्याचा कायदा नव्हता, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं विधेयकं येत राहिली, पडत राहिली.

गोदाकाठ

वकीलकाकांनी बर्डचं नाव काढलं ते बरं केलं, कारण मला नेमकं तिथेच खुपतं. बर्डवर असं जगभर चालणारं नाटक कुठाय? मॅथ्यू गोरा, नाजूक चणीचा, देखणा, चांगल्या घरचा. असा मुलगा मेला की देश रडतो. दरवर्षी ज्या काळ्या तृतीयपंथी बायका मारल्या जातात त्यांच्या गावात कुठली नाटक कंपनी टेपरेकॉर्डर घेऊन जाते? कॉफमनचा हेतू वाईट होता असं म्हणत नाही, पण या नाटकाने एक संत बनवला, आणि संताचा इतिहास हा इतिहास नसतो.

आणि अजून एक. नंतर 2004 ला एबीसी चॅनेलवर कार्यक्रम झाला, 2013 ला एका पत्रकाराचं पुस्तक आलं, की मुळात हा द्वेषगुन्हा नव्हताच, ड्रग्ज आणि पैशाचं प्रकरण होतं. मग ज्या जबान्यांवर हे नाटक उभं त्यांचं काय करायचं?

विंगेतला

गोदाकाठ यांच्या पहिल्या मुद्द्याला +१. दुसऱ्याबद्दल मला वाचायला आवडेल.

तिसरी_घंटा

गोदाकाठ, पहिला मुद्दा मान्य, आणि त्यावर उत्तर नाही. कुणाच्या मरणावर कॅमेरे येतात हे नाटक कंपनीने ठरवलं नव्हतं, पण कॅमेऱ्यांच्या मागोमाग तेही गेले हे खरंच आहे. फक्त संत बनवला हे मला पटत नाही, कारण नाटकात गावातले लोक मॅथ्यूबद्दल बरंवाईट सगळं बोलतात, लिमोझिनवाला डॉक ओ'कॉनर तर इतकं मोकळं बोलतो की संत राहायला जागाच नाही. संत बातम्यांनी आणि मेणबत्त्यांनी बनवला.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र कॉफमनने स्वतःच नाटक केलंय. हत्येला दहा वर्षं झाली तेव्हा तीच माणसं परत लॅरमीला गेली, 'द लॅरमी प्रोजेक्ट: टेन इयर्स लेटर'. 12 ऑक्टोबर 2009 ला एकाच दिवशी दीडशेच्या आसपास थिएटरांत त्याचं वाचन झालं. गेले होते बघायला की गाव किती बदललं, आणि सापडलं काय, तर गावाने गोष्टच बदललीय. टीव्ही कार्यक्रमाच्या वेळी जे शाळेत होते ते आता विद्यापीठात शिकतायत आणि ठामपणे सांगतायत की ते ड्रग्जचं होतं, चोरी होती. समोर तपास करणारा पोलीस अधिकारी कोर्टातल्या पुराव्यावर बोट ठेवून सांगतोय की बाबांनो असं नव्हतं, आरोपीचा स्वतःचा कबुलीजबाब आहे. विद्यापीठातला लोककथांचा एक प्राध्यापक मग समजावतो की गावाला जी गोष्ट सोसवते तीच गाव सांगत राहतं. तुरुंगात जाऊन त्यांनी दोन्ही मारेकऱ्यांशी बोलून घेतलंय. त्यातल्या मॅकिनीची मुलाखत ग्रेग पिएरोटी या नटाने घेतली, जो स्वतः गे आहे. मॅकिनी त्याच्याशी सहज बोलतो, जराही ओशाळत नाही, पश्चात्ताप म्हणाल तर मॅथ्यूच्या वडिलांबद्दल थोडं वाईट वाटतं म्हणतो, मॅथ्यूबद्दल नाही. मला ते पहिल्या नाटकापेक्षा जास्त जड गेलं.

वडिलांवरून आठवलं. पहिल्या नाटकाच्या शेवटाकडे डेनिस शेपर्ड यांचं कोर्टातलं निवेदन त्यांच्याच शब्दात आहे. मॅकिनीला फाशी होऊ शकत होती, आईवडिलांच्या संमतीने ती टळली आणि दोन जन्मठेपा झाल्या. वडील म्हणतात की तू मेलेला बघायला मला आवडलं असतं, पण ज्याने दया दाखवली नाही त्याला दया दाखवायची ही वेळ आहे, आणि तू दर ख्रिसमसला, दर वाढदिवसाला आठव की मॅथ्यू नाही. याला क्षमा कुणी म्हणत असेल तर म्हणो, मला तर तो शाप वाटतो. नट अजिबात आवाज चढवत नाही तिथे.

रानवारा

बाप रे. सिनेमात तो सीन होता, मला पुसटसा आठवतोय. आणि पंखवाले लोक? चादरींचे मोठे मोठे पांढरे पंख लावलेली मुलं होती कोर्टाबाहेर.

डेन्व्हरकर

हो, ते खरंच झालेलं. कॅन्ससहून तो पाद्री फेल्प्स यायचा आपली टोळी घेऊन, देव यांचा द्वेष करतो वगैरे पाट्या घेऊन, मॅथ्यूच्या अंत्यविधीलाही आलेला. रोमेन पॅटरसन नावाची मॅथ्यूची मैत्रीण, तिने आणि मित्रमैत्रिणींनी खटल्याच्या वेळी सात-सात फुटी पंख बनवले आणि त्या टोळीला वेढून नुसते पाठ करून उभे राहिले. एक शब्द नाही. पाट्या दिसेनाशा झाल्या. शाळेच्या प्रयोगात हे पंख आम्ही पालकांनी गॅरेजमध्ये पीव्हीसी पाइप आणि पलंगपोस लावून केले, आणि ते इतके जड झाले की एक पोरगं तोल जाऊन पडलं तालमीत.

सई_सांगलीची

मला मराठीकडे यायचंय जरा. विंगेतला यांनी तेंडुलकर काढलेच आहेत तर मग 'मित्राची गोष्ट' का विसरता? 1981, विनय आपटेंचं दिग्दर्शन, रोहिणी हट्टंगडी मित्रा. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी व्यावसायिक रंगभूमीच्या मध्यभागी उभी, स्वातंत्र्याआधीच्या काळातल्या कॉलेजात. आणि ती गोष्ट सांगतो कोण, तर तिच्यावर प्रेम करणारा बापू. म्हणजे तिथेही तिची नोंद दुसऱ्याच्याच हातात. कॉफमनचं ते टेबल आणि बापूचं निवेदन यात मला तरी फार अंतर दिसत नाही.

दुसरं चेतन दातारांचं 'एक माधवबाग'. आईला मुलाची डायरी सापडते आणि ती वाचते, एवढंच. एक बाई, एक वही. मोना आंबेगावकरांनी ते हिंदीतून कितीतरी वर्षं, कितीतरी ठिकाणी केलं, थिएटर मिळो न मिळो. ते बघताना माझ्या शेजारची मावशी प्रयोग संपल्यावर उठलीच नाही, पर्समधला रुमाल काढून परत ठेवला, परत काढला. मला म्हणाली, मुलाला फोन करायचाय, पण तो आत्ता ऑफिसात असेल.

ही दोन्ही लिहिलेली नाटकं आहेत, जबान्यांची नाहीत. आपल्याकडे असं जाऊन, बसून, माणसांचं ऐकून, त्यांच्याच शब्दात केलेलं समलिंगी लोकांवरचं नाटक का नाही झालं? पुण्यात सफाई कामगारांना घेऊन अतुल पेठेंनी 'सत्यशोधक' केलं, म्हणजे ज्यांचा इतिहास त्यांनीच उभं राहायचं हे आपल्याला जमत नाही असं नाही.

वकीलकाका_निवृत्त

सईताई, 2018 पर्यंत स्वतःच्या नावाने असं बोलणं म्हणजे गुन्ह्याची कबुली लिहून देणं. कोण देईल जबानी? आता बोलायला हरकत नाही, पण त्या पिढीचे लोक साठी-सत्तरीचे झालेत. बरेचसे लग्न करून आजोबा झालेत. त्यांची गोष्ट घ्यायची तर बायकोची पण घ्यावी लागेल.

सई_सांगलीची

काका, बायकोची पण घ्यावीच. तेच तर नाटक.

गोदाकाठ

एक राहिलं. जबान्यांवर इतका विश्वास ठेवायचा तर खोटं बोलणाऱ्याचं काय? मारेकऱ्याचं नव्हे, आपल्या बाजूच्या माणसाचं. तिथे काय करतो हा कॉफमन?

तिसरी_घंटा

यासाठी 'आय अ‍ॅम माय ओन वाइफ' वाचाच. लिहिलंय डग राइटने, कॉफमनचं दिग्दर्शन, 2003 ला ब्रॉडवेवर आलं आणि 2004 ला पुलित्झर आणि टोनी दोन्ही मिळाले. शार्लोट फॉन माल्सडॉर्फ ही खरी व्यक्ती, 1928 ला बर्लिनमध्ये मुलगा म्हणून जन्म, आयुष्यभर बाई म्हणून जगली, काळा झगा, गळ्यात मोत्यांचा सर, डोक्याला रुमाल. नाझी काळ काढला, मग पूर्व जर्मनीचं कम्युनिस्ट राज्य काढलं, आणि जुनं फर्निचर, घड्याळं, ग्रामोफोन गोळा करून घरात संग्रहालय केलं. म्युलाक-रिट्झं नावाचा एक जुना गुत्ता होता, समलिंगी लोकांचा अड्डा, सरकारने बंद पाडला तर हिने त्याचं सगळं सामान उचलून आपल्या तळघरात जसंच्या तसं मांडलं आणि तिथे लोक गुपचूप जमायचे. नाझी बापाला लाटण्याने मारून टाकलं असंही ती सांगायची.

राइट तिच्या प्रेमातच पडला, टेपांवर टेपा भरल्या. आणि मग, बर्लिनची भिंत पडल्यावर श्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याच्या ज्या फायली खुल्या झाल्या होत्या, त्यात निघाली हिचीच फाइल. खबरी म्हणून. एक मित्र तुरुंगात गेला त्यात हिचा हात होता की हिने त्याच्याच सांगण्यावरून तसं केलं, हे ती एक सांगते, फाइल दुसरं सांगते. राइटला नाटक लिहिता येईना. वर्षानुवर्षं अडकला. शेवटी उपाय काय केला तर स्वतःलाच पात्र म्हणून घातलं, हा अडकलेला, हिला नायिका करू बघणारा अमेरिकन लेखक. जेफर्सन मेज एकट्याने पस्तीस-चाळीस पात्रं करायचा, सगळी त्या काळ्या झग्यातच. श्टाझीचा अधिकारी पण झग्यात, लेखक पण झग्यात. आणि शार्लोट कुठल्याही अवघड प्रश्नाला उत्तर देत नाही, फर्निचरबद्दल बोलायला लागते. डाग पडलेला, तुटलेला भाग असला तरी ती वस्तू जपायची, नवी पॉलिश मारायची नाही, हे तिचं संग्रहालयाचं धोरण. गोदाकाठ, तुमच्या संताला इथे उत्तर आहे बघा.

याशिवाय कॉफमनने 'टॉर्च साँग'चं पुनरुज्जीवन केलं 2017-18 ला, ओबामांच्या हातून नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स घेतलं, रॉबिन विल्यम्सला घेऊन राजीव जोसेफचं वाघाचं नाटक ब्रॉडवेवर केलं, जेन फोंडाला घेऊन स्वतःचं बेथोवनवालं '33 व्हेरिएशन्स' केलं. बेथोवनवालं मला फारसं भिडलं नाही, खूप गोड आहे. अलीकडचं 'हिअर देअर आर ब्लूबेरीज' मात्र परत मूळ वाटेवर, आउशविट्झमधल्या एका अधिकाऱ्याचा फोटोंचा अल्बम 2007 ला वॉशिंग्टनच्या संग्रहालयात पोचला, त्यात छळछावणीवर काम करणाऱ्या मुली बसून ब्लूबेरी खातायत, हसतायत, त्यावर. 2024 ला पुलित्झरच्या अंतिम यादीत होतं. तिथे समलिंगी विषय नाही, पण टेबलावर पुरावा ठेवायचा आणि तो नीट बघायला लावायचं ही रीत तीच.

विंगेतला

शार्लोटवालं वाचणार. संपादकाबद्दलचं माझं मत अर्धं मागे घेतो, अर्धं ठेवतो. लॅरमीची संहिता मराठीत कुणी केलीय का? आमच्या ग्रुपला नोव्हेंबरसाठी काहीतरी हवंय, नऊ जण आहोत.

तिसरी_घंटा

आधी परवानगीचं बघा, हक्क अमेरिकेतल्या नाट्यसंस्थेकडून रीतसर घ्यावे लागतात आणि अनुवादाचे वेगळे. त्यात तीन अंक आहेत, अडीच तासांच्या खाली येत नाही. आणि खरं सांगू का, नऊ जण आहात तर लॅरमी मराठीत करण्यापेक्षा सईताईंनी म्हटलेलं करा.

विंगेतला

माणसं कुठून आणायची बोलणारी?

वकीलकाका_निवृत्त

व्यनि (खाजगी निरोप) करतो. दोघेजण माझ्या ओळखीचे आहेत, एक जण नाव न देता बोलेल असं वाटतं. आधी त्यांना विचारतो. टेप मात्र त्यांच्या ताब्यात राहील, ही अट.